पॉवर बँकेवर एलईडी दिवा: ड्रायव्हर कसा निवडायचा

पावसाळा लागला की खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात, झाड तारेवर पडतं आणि लाईट जाते. लाईनमन पोचेपर्यंत रात्र जाते, कधी दोन. निपाणी-चिकोडीकडे उसाला पाणी द्यायचं तर थ्री फेज बऱ्याचदा रात्रीची असते आणि बांधावरून हातात उजेड घेऊन फिरावं लागतं. मोबाईलसाठी घेतलेली पॉवर बँक आता बहुतेक घरांत आहे. तिच्यावर रात्रभर टिकणारा, न जळणारा दिवा चालवायचा असेल तर मधला ड्रायव्हर, म्हणजे बँक आणि एलईडी यांच्यामध्ये बसून ठरलेलाच प्रवाह सोडणारं छोटं सर्किट, बरोबर निवडावा लागतो. खर्च फार नाही, चुकण्याच्या जागा मात्र बऱ्याच आहेत.

पहिली चूक दुकानातच होते. बेळगावच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात "एलईडी ड्रायव्हर द्या" म्हटलं की समोर येतो तो पॅनेल लाईटचा, २३० व्होल्टवर चालणारा डबा. त्यावर "इनपुट १००-२६५ व्होल्ट एसी" आणि "८-१२ × १ वॅट" असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे एक वॅटचे आठ ते बारा एलईडी एकामागोमाग जोडून तो घरच्या लाईटवर चालतो. पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवर तो जागा होणार नाही. तेव्हा दुकानात "५ व्होल्ट डीसीवर चालणारा, ३५० मिलिअँपिअरचा" असं आकड्यांनीच मागा, आणि इलेक्ट्रिकलच्या दुकानाऐवजी इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याकडे जा.

एक शब्द आधी साफ करू. आपल्याकडे "करंट गेला" म्हणजे वीज गेली. या लेखात करंट म्हणजे तारेतून वाहणारा, अँपिअरमध्ये मोजायचा प्रवाह. सगळा हिशेब त्याच्यावरच आहे.

पायरी १: एलईडी कोणता, ते आधी ठरवा

ड्रायव्हर आधी आणि एलईडी नंतर घेतला की गाडं अडतं. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण २.८ ते ३.४ व्होल्ट लागतात, हिशेबाला ३.१ धरा. तांबडा आणि पिवळा २ व्होल्टच्या आसपास पेटतो. करंट मात्र आकारावर ठरतो: सजावटीच्या ५ मिलिमीटरच्या दाण्याला २० मिलिअँपिअर, एक वॅटच्या एलईडीला ३५०, तीन वॅटच्याला ७००.

एक वॅटचा बऱ्यापैकी एलईडी शंभर ल्यूमेनच्या घरात उजेड देतो. चुलीपुढे किंवा पोरांच्या अभ्यासाच्या टेबलावर तेवढा पुरतो. खोली उजळायची तर तीन वॅटचा घ्या. भाताच्या राखणीला माळ्यावर लावायचा असेल तर पिवळसर, म्हणजे वॉर्म व्हाइट रंगाचा घ्या. निळसर पांढऱ्यापेक्षा त्याच्यावर किडे कमी येतात आणि धुक्यात डोळ्यांनाही तो बरा वाटतो.

एक आणि तीन वॅटचे एलईडी तारकेच्या आकाराच्या अॅल्युमिनियम पट्टीवर बसवलेलेच घ्या. सुटा दाणा तारेला डकवून पेटवला तर उष्णता जायला वाट नाही आणि तो काही मिनिटांत काळा पडतो. ती पट्टीसुद्धा थर्मल पेस्ट लावून एखाद्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर स्क्रूने घट्ट बसवा. खिडकीच्या सेक्शनचा तळहाताएवढा तुकडा एक वॅटला पुरे होतो.

पायरी २: करंट बांधून का द्यावा लागतो

एलईडी तापला की त्याला लागणारा व्होल्टेज थोडा उतरतो. व्होल्टेज तेवढाच ठेवलात तर करंट वाढतो, करंट वाढला की एलईडी आणखी तापतो, आणि हे चक्र दाणा जळेपर्यंत चालतं. म्हणून व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल (तयार छोटा बोर्ड) ३.१ व्होल्टवर लावून थेट एलईडी जोडणं चुकीचं. टेबलावर पाच मिनिटं तो छान पेटतो, अर्ध्या तासाने करंट दीडपट झालेला असतो. ड्रायव्हरचं काम एकच: काही झालं तरी ठरलेलाच करंट सोडायचा.

पायरी ३: बँक खरोखर किती देते

बँकेवर १०००० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे ३७ वॅट-तास. आतलं सर्किट ते ५ व्होल्टवर चढवताना काही खातं. हाती साधारण ३१ वॅट-तास येतात, म्हणजे ५ व्होल्टला ६.२ अँपिअर-तास. डब्यावर बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" ६००० च्या आसपास दिलेली असते, ती याचसाठी. तास मोजायचे ते याच आकड्यावर. विकत घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) "आर-" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक डब्यावर आहे ना ते बघा. नसेल तर किती का स्वस्त असेना, घेऊ नका. आत लिथियम आहे.

५ व्होल्टही एलईडीपर्यंत पोचतातच असं नाही. स्वस्त केबलमधली तार केसासारखी, २८ गेजची असते. जाऊन-येऊन मीटरमागे तिचा रोध सुमारे ०.४३ ओहम. दोन मीटरच्या अशा केबलमधून १ अँपिअर नेलात तर पलीकडे ४.१ व्होल्टच उरतात. जाड तारेची, २४ गेजची केबल घेतली तर हीच घट ०.३४ व्होल्टवर येते. जुनी केबल कापून वापरणार असाल तर लाल म्हणजे अधिक आणि काळी म्हणजे उणे हे गृहीत धरू नका. हलक्या केबलांत रंग कसेही असतात. मल्टिमीटरने तपासूनच जोडा.

पायरी ४: ड्रायव्हर निवडणं

इथे थोडं थांबून वाचा. पैसे वाया जातात ते याच ठिकाणी.

अडचण अशी की ५ व्होल्ट आणि ३.१ व्होल्ट फार जवळ आहेत. बाजारात सहज मिळणारे एलईडी ड्रायव्हर १२ किंवा २४ व्होल्टसाठी, म्हणजे गाडीच्या किंवा सोलरच्या बॅटरीसाठी बनवलेले असतात. पीटी ४११५ ही चिप चांगली आहे, स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, पण तिला किमान ६ व्होल्ट लागतात. एएल ८८०५ लाही ६. झेडएक्सएलडी १३५० ला ७. करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधता येणारं एक्सएल ४०१५ चं मोठं मॉड्यूल ८ व्होल्टच्या खाली चालत नाही. यातलं काहीही साध्या यूएसबीवर लावलं की दिवा पेटत नाही, किंवा लुकलुकतो, आणि माणूस एलईडी खराब समजून दुसरा आणतो. मॉड्यूल घेताना ते किती अँपिअर देतं हे नंतर विचारा. आधी इनपुट किती व्होल्टपासून सुरू होतं ते बघा. तो आकडा ४.५ किंवा त्याहून खाली हवा.

मग ५ व्होल्टवर चालतं काय?

सजावटीच्या छोट्या दाण्यांना नुसता रेझिस्टर (करंटला रोध करणारा सुटा भाग) पुरतो. पांढऱ्याला (५ − ३.१) ÷ ०.०२ म्हणजे ९५ ओहम. बाजारात १०० मिळतो, पट्टे तपकिरी-काळा-तपकिरी. तांबड्याला १५० ओहम, तपकिरी-हिरवा-तपकिरी. पाव वॅटचे चालतात. प्रत्येक दाण्याला स्वतःचा रेझिस्टर द्या. दहा दाणे समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर दिला तर ज्याचा व्होल्टेज जरा कमी तो जास्त करंट ओढतो आणि आधी जातो. दोन पांढरे दाणे एकामागोमाग जोडून ५ व्होल्टवर पेटत नाहीत; त्यांना ६.२ लागतात.

एक वॅटच्या एलईडीलाही ५.६ ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर लावून काम भागतं. अडीनडीला तो उपाय ठीक आहे. पण केबल बदलली किंवा बँक उतरत आली की उजेड बदलतो.

नवशिक्याने एक वॅटच्या दिव्यासाठी सरळ एएमसी ७१३५ घ्यावी. ही टॉर्चमध्ये वापरली जाणारी चिमुकली चिप आहे. २.७ ते ६ व्होल्टवर चालते, ३५० मिलिअँपिअर बांधून देते, आणि स्वतःसाठी तिला जेमतेम ०.१२ व्होल्ट लागतो, त्यामुळे केबलमध्ये थोडी घट झाली तरी उजेड हलत नाही. जोडणी सोपी: एलईडीचं अधिक टोक ५ व्होल्टला, उणे टोक चिपच्या आउटला, चिपचा व्हीडीडी (चिपला वीज घेणारा पाय) ५ व्होल्टला, ग्राउंड उण्याला. कॉइल नाही, फिरवायचा स्क्रू नाही.

तिचं दुखणं उष्णता. टॉर्चमध्ये तिला ३.७ व्होल्टचा सेल असतो. इथे ५ आहेत. मधले १.९ व्होल्ट गुणिले ०.३५ अँपिअर, म्हणजे ०.६७ वॅट त्या तांदळाएवढ्या चिपमध्ये जिरतात आणि बोट ठेववत नाही. उपाय साधा आहे. एलईडीच्या वाटेत २.२ ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर घाला. ०.७७ व्होल्ट तो घेतो आणि चिपवरचा भार ०.४ वॅटवर येतो. केबलमुळे ४.७ व्होल्टच आले तरी चिपला ०.८३ व्होल्ट उरतात, म्हणजे हवे त्यापेक्षा भरपूर. व्हीडीडीची तार मात्र रेझिस्टरच्या आधीच, थेट ५ व्होल्टवरून घ्या.

या चिपमध्ये बँकेतून निघणारा करंट एलईडीच्या करंटएवढाच असतो. ६.२ ÷ ०.३५ म्हणजे साधारण साडेसतरा तास. एका रात्रीला हे भरपूर आहे. म्हणून एक वॅटच्या दिव्यासाठी महागड्या ड्रायव्हरच्या मागे लागू नका.

तीन वॅटला गणित बदलतं. दोन एएमसी ७१३५ समांतर जोडून ७०० मिलिअँपिअर मिळतात, पण बँकेतून ३.५ वॅट जातात आणि दिवा नऊ तासांच्या आतच विझतो. इथे स्विचिंग पद्धतीचा, व्होल्टेज उतरवणारा बक ड्रायव्हर उपयोगी. पीएएम २८०४ ही चिप २.५ ते ६ व्होल्टवर चालते आणि एक अँपिअरपर्यंत देते. तिचा करंट ०.१ व्होल्ट भागिले सेन्स रेझिस्टर (ज्यावरून चिप करंट मोजते तो) असा ठरतो; ०.१५ ओहमला ६६७ मिलिअँपिअर. नव्वद टक्के कार्यक्षमता धरली तर बँकेतून अडीच वॅटच जातात आणि साडेबारा तास मिळतात. रात्रभर पाणी देणाऱ्याला हे साडेतीन तास मोलाचे. फक्त तो सेन्स रेझिस्टर चिपला चिकटून बसवा. लांब तारेवर जोडला आणि तारेने ०.०२ ओहम जरी वाढवला तरी करंट ५९० च्या खाली जातो.

तिसरी जात व्होल्टेज चढवणाऱ्या बूस्टची. तीन एलईडी एकामागोमाग किंवा १२ व्होल्टची लांब एलईडी पट्टी असेल तेव्हाच ती घ्या. एकट्या पांढऱ्या एलईडीला बूस्ट कधीही लावू नका. बूस्टमध्ये इनपुटपासून आउटपुटपर्यंत कॉइल आणि डायोडमधून सरळ वाट असते. आउटपुट इनपुटच्या खाली उतरूच शकत नाही, त्यामुळे ५ व्होल्ट जवळजवळ तसेच एलईडीवर जातात आणि तो जळतो, ड्रायव्हर कितीही महाग असला तरी.

१२ व्होल्टच्या पट्टीत प्रत्येक तीन दाण्यांमागे रेझिस्टर असतोच, म्हणून तिला नुसता १२ व्होल्ट बांधून देणारा बूस्ट चालतो. एमटी ३६०८ चं छोटं निळं मॉड्यूल २ व्होल्टपासून चालतं, ते घ्या. एक्सएल ६००९ दुकानदार "जास्त दमदार" म्हणून पुढे करेल. त्याला ५ व्होल्ट पुरे हवे असतात आणि पातळ केबलवर ते मिळत नाहीत. एमटी ३६०८ चा पिवळ्या-निळ्या डबीवरचा स्क्रू दहा-बारा वेढे फिरवेपर्यंत आउटपुट हलतच नाही, तेव्हा मॉड्यूल बिघडलेलं समजू नका. पट्टी न जोडता, मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट आणा आणि मगच पट्टी जोडा.

पट्टी किती लांब? मीटरला ६० दाण्यांची बारीक, ३५२८ ची (हा दाण्याच्या मापाचा आकडा) पट्टी ४.८ वॅट घेते. दीड मीटरला ७.२ वॅट, बूस्टचं नुकसान धरून साडेआठ, म्हणजे ५ व्होल्टला १.७ अँपिअर. २ अँपिअरच्या पोर्टवर ही मर्यादा समजा. पाच मीटरचं अख्खं बंडल लावलं तर साडेपाच अँपिअर लागतील आणि बँक क्षणात बंद होईल. ५०५० ची जाड पट्टी तिप्पट खाते.

त्याहून जास्त हवं असेल, शिवजयंतीच्या चित्ररथासाठी किंवा गणपतीच्या मखरासाठी, तर पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे ५ पेक्षा जास्त व्होल्ट देण्याची सोय) असलेली बँक आणि ट्रिगर बोर्ड घ्या. ट्रिगर बँकेशी बोलून ९, १५ किंवा २० व्होल्ट मागून घेतो. १२ व्होल्ट प्रत्येक बँक देईलच असं नाही; बँकेवर छापलेलं वाचा. ९ व्होल्ट मिळाले की मघाची पीटी ४११५ कामाला येते: दोन पांढरे एलईडी एकामागोमाग, ६.२ व्होल्ट, झकास चालतं. पण पट्टी जोडण्याआधी ट्रिगरचं आउटपुट दर वेळी मोजा. बटण चुकून दाबलं जाऊन २० व्होल्ट आले तर सगळी पट्टी एका झटक्यात जाते.

पायरी ५: बँक स्वतःच बंद होते तेव्हा

दिवाळीच्या किल्ल्यावर तीन दाणे लावले, अर्ध्या मिनिटाने अंधार. बटण दाबलं, परत पेटले, परत अंधार. इथे बिघाड काहीच नाही. पोर्टवरचा करंट ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली गेला की मोबाईल भरला असं समजून बँक पोर्ट बंद करते. तीन दाणे म्हणजे जेमतेम ५७ मिलिअँपिअर.

सोपा उपाय म्हणजे दाणे वाढवा. दहा दाणे १९० घेतात आणि बुरूज, दरवाजा, पायथ्याचं गाव सगळं उजळतं. दाणे तेवढेच ठेवायचे असतील तर ५ व्होल्टवर आडवा १०० ओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. तो ५० मिलिअँपिअर फुकट खातो. पाच तासांत बँकेचा पाव अँपिअर-तास गेला, चालण्यासारखं आहे. तरीही बंद होत असेल तर असा दुसरा रेझिस्टर जोडा. काही बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड लागतो, पण तो काही वेळाने आपोआप सुटतो. रात्रभराच्या कामाला त्याच्यावर विसंबू नका.

उलटही होतं: दिवा लावताच बँक बंद. बूस्टच्या तोंडाशी मोठा कपॅसिटर असेल तर पहिल्या क्षणी तो इतका करंट ओढतो की बँकेला शॉर्ट वाटतो. कपॅसिटर लहान करा किंवा पट्टी कमी करा.

आणि टाइप-सी. दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलने काहीच पेटत नाही, पण जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलने पेटतं, असं झालं तर दोष तुमच्या दिव्याकडच्या सॉकेटमध्ये आहे. टाइप-सी बँक समोरच्या सॉकेटच्या सीसी-१ आणि सीसी-२ पिनांवर, प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर उण्याला जोडलेला दिसल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाही. स्वस्त सॉकेट बोर्डांत हे दोन रेझिस्टर नसतात. घेतानाच विचारून घ्या.

पायरी ६: तासभर टेबलावर चालवा

शेतात न्यायच्या आधी मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून एलईडीच्या वाटेतला करंट मोजा. मिलिअँपिअरचं भोक वापरलंत तर मीटरचाच रोध आड येतो आणि आकडा कमी दिसतो. एकदा सुरुवातीला, एकदा तासाने बघा. करंट पाच-दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढला असेल तर तुमचा ड्रायव्हर करंट बांधत नाही, फक्त व्होल्टेज बांधतोय. अॅल्युमिनियमच्या तुकड्याला दहा सेकंद बोट लावता आलं पाहिजे. नाही लावता आलं तर तुकडा मोठा घ्या. करंट बांधणारा स्विचिंग ड्रायव्हर असेल तर आधी एलईडी जोडा, मग बँक लावा. असा बूस्ट मोकळा चालत असताना त्याच्या कपॅसिटरात चढलेला व्होल्टेज साठतो आणि नंतर टेकवलेला एलईडी त्या एका ठिणगीत जातो.

पायरी ७: पाऊस आणि ओल

पश्चिम खानापूरच्या पावसात उघड्या सर्किटवर आठवड्यात हिरवी बुरशी धरते. सिलिकॉनने बंद करताना बाथरूमला लावतात ते व्हिनेगरसारख्या वासाचं वापरू नका; त्यातलं आम्ल तांब्याला खातं. "न्यूट्रल" लिहिलेलं घ्या. एलईडीची तारकेसारखी पट्टी आणि अॅल्युमिनियमचा तुकडा यांच्यामध्ये सिलिकॉन जाऊ देऊ नका, तिथे थर्मल पेस्टच हवी. केबल डब्यात खालून आत घ्या आणि बाहेर तिला एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून आत न जाता झोळावरून खाली पडेल.

बँक मात्र सिलिकॉनने कधीच बंद करू नका आणि किल्ल्याच्या ओल्या मातीत पुरू नका. विटेवर, प्लॅस्टिकच्या डब्यात, कोरडी ठेवा. ती उघडून आतले सेल काढायचा मोह नको. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी वापर थांबवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पावसाळ्यानंतर कपाटात ठेवताना अर्धी भरून ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा परत चार्जिंगला लावा.